तारेची लांबीही मोजा: घरी एफएम रेडिओ बांधणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे: घरी बांधायचा एफएम रेडिओ. बारावीचा मुलगा आहे, शाळेतले एक शिक्षक आहेत, आयटीआयची मुलगी आहे, माणदेशातून एका ताईंचं पत्र आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हे सदर पूर्णपणे रेडिओला दिलं आहे. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवून निवृत्त झाले. एफएमचं प्रॅक्टिकल सुरू करताना मुलांना जे सांगायची, तेच इथे आधी सांगते. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास, डायग्राममध्ये न काढलेले भागही सर्किटमध्ये असतात. जोडायची तार हा एक भाग, बोर्डाची पट्टी हा एक भाग, आणि जवळ आलेला तुमचा हात हाही एक भाग. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

प्रश्न: मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. व्हिडिओ पाहून एका ट्रान्झिस्टरचा एफएम रेडिओ ब्रेडबोर्डवर जोडला. बीएफ ४९४, चार वेढ्यांची कॉइल, ट्यूनिंगला २२ पीएफचा (पिकोफॅरडचा) ट्रिमर कंडेन्सर, पुढे आवाज वाढवायला एलएम ३८६ आणि ८ ओहमचा स्पीकर. मोबाइलच्या चार्जरवर लावला की नुसतं घूं घूं येतं. स्टेशन एकही लागत नाही. सगळ्या जोडण्या दोनदा तपासल्या.
(विद्यार्थी, बार्शी)

उत्तर: तुझ्या जोडण्या बरोबर असतील. अडचण ब्रेडबोर्डची आहे. त्याच्या आत धातूच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात आणि अशा दोन पट्ट्यांमध्ये दोन ते पाच पिकोफॅरडचा कंडेन्सर आपोआप तयार होतो. ऑडिओला त्याने काही बिघडत नाही, एलएम ३८६ तिथे खुशाल चालतो. पण तुझ्या कॉइलला एकूण जेमतेम ३०-४० पिकोफॅरड लागतात. त्यात पट्ट्यांनी स्वतःचे दहा-पंधरा घातले की ट्रिमर कितीही फिरव, सर्किट भलतीकडेच ट्यून होणार.

जंपरचंही तेच. सरळ तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्री धरायचं. पाच सेंटिमीटरचा जंपर म्हणजे ५० नॅनोहेन्री झाले, आणि चार वेढ्यांची कॉइल स्वतःच ६०-७० नॅनोहेन्रीची असते. म्हणजे तू चार वेढे लावलेस, पण सर्किटला सहा वेढ्यांइतके मिळाले. वारंवारता खाली घसरली आणि ८८ ते १०८ च्या पट्ट्यातून बाहेर गेली.

आता असं कर. कोऱ्या पीसीबीचा, म्हणजे कॉपर क्लॅड बोर्डाचा, सात बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा घे. तांब्याची बाजू वर ठेव. ते सगळं तांबं तुझं ग्राउंड. ज्या भागाचा पाय ग्राउंडला जायचा, तो जिथे पडेल तिथेच तांब्यावर सोल्डर करायचा. जे जोड ग्राउंडचे नाहीत त्यांच्यासाठी त्याच बोर्डाचे सहा मिलिमीटरचे चौकोन कापून मोठ्या तुकड्यावर फेविक्विकने चिकटव आणि सोल्डर त्या चौकोनांवर कर. अशा एका चौकोनाचा ग्राउंडशी जेमतेम एक पिकोफॅरड होतो, तेवढा चालतो. ट्रान्झिस्टर, कॉइल आणि ट्रिमर हे तिघे एकमेकांना खेटून बसले पाहिजेत. एका भागाच्या पायापासून दुसऱ्याच्या पायापर्यंत सेंटिमीटरभर अंतर झालं तरी मी ते जास्त समजते. दिसायला हे बोर्ड ओबडधोबड वाटतं, पण चालायला ब्रेडबोर्डपेक्षा कितीतरी पटीने चांगलं.

बीएफ ४९४ चे पायही एकदा मल्टिमीटरने बघ. बीसी ५४७ चा मधला पाय बेस असतो, बीएफ ४९४ चा मधला पाय एमिटर. एकाच्या जागी दुसरा त्याच क्रमाने लावला की सर्किट मुकं राहतं आणि माणूस कॉइलला दोष देत बसतो.

चार्जर बाजूला ठेव. त्याच्या आत स्विचिंगचं सर्किट असतं आणि त्याचा कचरा एफएमच्या पट्ट्यापर्यंत पोचतो. सुरुवातीला चार पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट, हाच सगळ्यात स्वच्छ पुरवठा. एलएम ३८६ ला किमान ४ व्होल्ट लागतात. तीन सेल ठेवलेस तर ते थोडे उतरल्याबरोबर आवाज फाटू लागेल. सहाव्या आणि चौथ्या पायामध्ये, आयसीला अगदी लागून, २२० मायक्रोफॅरड आणि त्याच्या जोडीला ०.१ मायक्रोफॅरड लाव. नाहीतर फट् फट् असा आवाज सुरू होतो, आम्ही त्याला मोटरबोटिंग म्हणायचो.

तपासणी नेहमी स्पीकरकडून मागे यायची. आधी एलएम ३८६ च्या तिसऱ्या पायाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक बोटाने धरून लाव. घुर्र आवाज आला तर ॲम्प्लिफायर ठीक. मग पुढचा ट्रान्झिस्टर जोड आणि खरखर ऐक. तुझं सर्किट सुपर-रिजनरेटिव्ह जातीचं आहे. त्यात ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा आंदोलन सुरू करतो आणि थांबवतो, आणि दर वेळी ते आंदोलन हवेतल्या क्षीण सिग्नलवर वाढतं. स्टेशन नसेल तेव्हा ते नुसत्या गोंगाटावर वाढतं, म्हणून जोरात सूंऽऽ ऐकू येतं. ही खरखर म्हणजे सर्किट जिवंत असल्याची खूण. ती येत नाही तोवर स्टेशन शोधत बसू नकोस. खरखर आली की ट्रिमर हळू फिरव. एका जागी खरखर दबते, तिथे स्टेशन आहे. बरोबर मधोमध आवाज जरा फाटलेला वाटेल, किंचित बाजूला घेतलास की साफ होईल. हे सर्किट एफएम ओळखतं ते ट्यूनिंगच्या उतारावर, शिखरावर नाही. त्यामुळे प्रत्येक स्टेशन शेजारी शेजारी दोन जागी लागतं आणि ते बरोबरच आहे.

एलएम ३८६ च्या आधी १० किलोओहम मालिकेत आणि ४.७ नॅनोफॅरड ग्राउंडला, एवढं मात्र विसरू नकोस. दोन्हींचा गुणाकार ४७ मायक्रोसेकंद होतो. आपल्याकडची स्टेशनं वरच्या पट्टीतला आवाज ५० मायक्रोसेकंदाच्या हिशोबाने चढवून पाठवतात, तो इथे परत उतरतो. सुरू-बंद होण्याचा जो वरचा सूर असतो, तोही याच जोडीत गळतो.

प्रश्न: डायग्रामवर कॉइलसमोर फक्त ०.१ मायक्रोहेन्री लिहिलं आहे. माझ्याकडे एलसी मीटर नाही, दुकानदार म्हणतो अशी कॉइल तयार मिळत नाही. किती वेढे घालायचे आणि बरोबर झाली हे कळणार कसं?
(डिप्लोमाचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला. या सगळ्या उद्योगात हाताने करण्यासारखी खरी गोष्ट हीच आहे.

पाच मिलिमीटरचं ड्रिल बिट घ्या आणि त्याच्या मागच्या गुळगुळीत दांड्यावर २२ गेजची इनॅमलची तार पाच वेढे गुंडाळा. ही तार ०.७१ मिलिमीटर जाडीची असते आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडे हातभर सहज मिळते. वेढे एकमेकांना चिकटून घाला, मग बिट काढून घ्या आणि कॉइल ओढून सहा मिलिमीटर लांब करा. ही झाली साधारण ०.०९ मायक्रोहेन्री. चिकटलेली होती तेव्हा तीच कॉइल ०.१३ च्या आसपास होती. म्हणजे नुसतं ओढण्या-दाबण्यानं तुमच्या हातात ०.०९ ते ०.१३ एवढा पल्ला आहे, मीटरची गरज नाही. टोकांवरचं इनॅमल ब्लेडने गोल फिरवून पूर्ण खरवडा आणि लगेच सोल्डरचा पातळ थर द्या. वरून चकचकीत दिसणाऱ्या जोडाखाली इनॅमल तसंच राहिलेलं असतं, आणि असा जोड कधी लागतो, कधी लागत नाही.

आता कंडेन्सर. सोपा हिशोब असा: २५,३३० ला मेगाहर्ट्झच्या वर्गाने भागा. येईल तो आकडा म्हणजे मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड यांचा गुणाकार. ८८ ला तो ३.२७ येतो, १०८ ला २.१७. कॉइल ०.१ धरली तर ८८ ला ३२.७ पीएफ आणि १०८ ला २१.७ पीएफ. पूर्ण एफएमचा पट्टा फिरायला फक्त ११ पीएफचा फरक पुरतो! रेडिओच्या छोट्या पीव्हीसी गँगमध्ये, म्हणजे बटणाने फिरवायच्या ट्यूनिंगच्या कंडेन्सरमध्ये, एफएमचा कप्पा साधारण ३ ते २० पीएफ असतो. बोर्ड आणि ट्रान्झिस्टरचे मिळून ८ धरा, वर एक पक्का १० पीएफ लावा. एकूण झाले २१ ते ३८, म्हणजे ८२ पासून ११० मेगाहर्ट्झपर्यंत. दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा राहिली, तशीच हवी. पक्का कंडेन्सर एनपीओ जातीचा मागा, डोक्यावर काळा ठिपका असलेला. साधा डिस्क सिरॅमिक उन्हात तापला की त्याची किंमत बदलते आणि दुपारी स्टेशन सरकतं.

बरोबर झाली का, हे पाहायला घरातला दुसरा कोणताही एफएम रेडिओ पुरतो. तो शेजारी ठेवा आणि स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावा, समजा ९५ वर. त्याची खरखर ऐकू येत असेल. आता तुमच्या रेडिओचा गँग अगदी सावकाश फिरवा. तुमचं ऑसिलेटर, म्हणजे आंदोलन तयार करणारं सर्किट, ९५ वरून जाईल तेव्हा तयार रेडिओची खरखर एकदम दबेल. सुपर-रिजनरेटिव्ह असेल तर तिथे वेगळाच कर्कश आवाज येईल. गँगच्या त्या जागेवर पेन्सिलने खूण करा, मग तयार रेडिओ ९० वर, मग १०५ वर. चार-पाच खुणा झाल्या की तुमची डायल तयार. ऑसिलेटर नेमकं स्टेशनाच्या जागीच चालतं अशा सर्किटांना, म्हणजे सुपर-रिजनरेटिव्ह आणि टीडीए ७००० या आयसीच्या सर्किटला, ही युक्ती थेट लागू पडते. आलेला सिग्नल आधी १०.७ मेगाहर्ट्झच्या ठरलेल्या मधल्या वारंवारतेवर, म्हणजे आयएफवर, आणणारा सेट असेल तर बहुतेक सर्किटांत ऑसिलेटर स्टेशनाच्या १०.७ वर असतं. त्या सेटची डायल ९० वर असताना तयार रेडिओत १००.७ ला शांतता शोधायची. तिथे आधीच एखादं स्टेशन असेल तर जरा बाजूची जागा धरा.

खुणा खाली सरकलेल्या आढळल्या तर कॉइल ओढा, वर गेल्या असतील तर दाबा. हे करायला लोखंडी स्क्रू ड्रायव्हर नको, तो जवळ गेला की इंडक्टन्सच बदलतं. बांबूची चिरलेली काडी किंवा झिजलेल्या टूथब्रशची दांडी वापरा. शेवटी सगळं जागेवर आलं की वेढ्यांवर मेणबत्तीचं मेण पाडा, म्हणजे टेबल हललं तरी स्टेशन हलणार नाही. पुण्याजवळ असाल तर ९८.३ ला मिरची, १०१ ला विविध भारती आणि १०७.४ ला विद्यापीठाचं विद्यावाणी, या तीन पक्क्या खुणा आयत्याच मिळतात.

प्रश्न: रेडिओ लागतो, पण बटणावरून हात काढला की स्टेशन पळतं. परत हात जवळ नेला की येतं.
(कॉलेज विद्यार्थिनी, कराड)

उत्तर: तुझा हात एक-दोन पिकोफॅरडचा कंडेन्सर आहे, आणि वरच्या हिशोबाने एक पीएफ म्हणजे जवळजवळ दोन मेगाहर्ट्झ. गँगच्या दोन टोकांपैकी एक टोक ‘थंड’ असतं: सर्किटनुसार ग्राउंडला किंवा पुरवठ्याच्या बाजूला जाणारं. दांड्याकडचं, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचं टोक तिकडे गेलं पाहिजे. तुझं उलटं लागलं असावं. टोकं बदल, बटण प्लॅस्टिकचं आणि जरा मोठं घे, आणि पुढच्या पॅनलच्या आतून कॉपर क्लॅडचा पत्रा लावून तो ग्राउंड कर.

प्रश्न: मी आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. वर्गात गटागटाने एफएम रेडिओ बनवून घ्यायचा आहे. एक ट्रान्झिस्टर, टीडीए ७००० की तयार मॉड्यूल? मुलांना शिकायला काय बरं?
(शिक्षक, चिपळूण)

उत्तर: सर, माझं मत स्पष्ट आहे: टीडीए ७००० मिळत असेल तर तोच घ्या.

एका ट्रान्झिस्टरचं सर्किट स्वस्त असतं, पण तीस मुलांच्या वर्गात त्याचे दोन त्रास आहेत. एक, ते स्वतः एरियलमधून बाहेर सिग्नल टाकतं, त्यामुळे सात-आठ गटांनी एका खोलीत चालू केलं की एकमेकांची कामं बिघडवतात. बाहेर कोणी रेडिओ ऐकत असेल तर त्यालाही त्रास. दोन, लागलं तर का लागलं आणि नाही लागलं तर का नाही, हे आठवीच्या मुलाला कळत नाही. मूल हिरमुसतं.

टीडीए ७००० ही फिलिप्सने १९८३ च्या सुमारास आणलेली अठरा पायांची आयसी. तिच्यात मोठा विचार आहे. एरवी एफएम सेटला आयएफच्या कॉइली आणि सिरॅमिक फिल्टर लागतात आणि त्या जुळवायला उपकरणं. इथे आयएफ फक्त ७० किलोहर्ट्झची ठेवली, त्यामुळे फिल्टरचं सगळं काम आयसीच्या आतले ॲम्प्लिफायर आणि बाहेरचे साधे कंडेन्सर करतात. जुळवायची कॉइल एकच उरते, ऑसिलेटरची. मुलांनी स्वतः गुंडाळायची, ओढायची, दाबायची आणि स्टेशन पट्ट्यात आणायचं. तेवढं एक काम पूर्णपणे त्यांच्या हातात, आणि त्याचा परिणाम लगेच कानाला. शिकवण्यासाठी याहून चांगलं काय हवं?

बांधताना डेटाशीटमधल्या कंडेन्सरच्या किमती जशाच्या तशा ठेवा, जवळपासच्या बसवू नका. पाचवा पाय पुरवठ्याचा, सोळावा ग्राउंडचा. त्या दोघांमध्ये १० नॅनोफॅरड आखूड पायांचा आणि आयसीला लागून. ऑसिलेटरची कॉइल आणि गँग पाचव्या आणि सहाव्या पायामध्ये. पाचवा पाय इथे थंड बाजू, म्हणून गँगचा दांडा तिकडे. ही आयसी २.७ पासून १० व्होल्टपर्यंत चालते, चार सेल तिला आणि पुढच्या एलएम ३८६ ला, दोघांनाही पुरतील. तिचा आवाज एलएम ३८६ ला भरपूर होतो, तेव्हा पहिल्या आणि आठव्या पायामध्ये १० मायक्रोफॅरड लावून गेन २०० पट करू नका, मूळचा २० पट पुरे.

आयसीला सॉकेट लावा. उत्पादन बंद होऊन बराच काळ झाला आहे, जुना साठा आणि नकला दोन्ही बाजारात फिरतात, त्यामुळे बदलून पाहण्याची सोय हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली इथे विचारा, आणि सगळ्या गटांसाठी एकदम घेण्याआधी एक आणून चालवून पाहा. ती नाहीच मिळाली तर सीएक्सए १६१९ जातीच्या आयसीचं किट घ्या. त्यात ऑडिओचा ॲम्प्लिफायर आतच असतो आणि १०.७ चा सिरॅमिक फिल्टर किटबरोबर येतो.

टीईए ५७६७ चं मॉड्यूल वाईट नाही. ३२.७६८ किलोहर्ट्झचा घड्याळाचा क्रिस्टल, दोन तारांवरून आर्डुइनोला जोडायचं, आकडा पाठवला की स्टेशन हजर. ज्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं आहे त्यांना ते जरूर द्या. पण त्यातून मूल सूचना पाठवायला शिकतं. कॉइल आणि कंडेन्सर मिळून एकच वारंवारता कशी निवडतात, हे मॉड्यूलच्या पत्र्याच्या डबीत बंद राहतं. आठवी-नववीला ते उघडं दिसावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: मॅडम, पुस्तकात एफएमची आयएफ १०.७ दिली आहे. १० किंवा ११ का नाही? आणि टीडीए ७००० मध्ये ७० किलोहर्ट्झ चालते, तर बाकीचे लोक १०.७ का वापरतात?
(आयटीआय, नागपूर)

उत्तर: शाब्बास. सुपरहेटरोडाइनमध्ये, म्हणजे स्टेशनाचा सिग्नल ऑसिलेटरशी मिसळून आयएफवर आणणाऱ्या सेटमध्ये, ऑसिलेटरच्या दोन्ही बाजूंना आयएफएवढ्या अंतरावर दोन सिग्नल बसू शकतात. एक हवा असलेला, दुसरा नको असलेला, म्हणजे इमेज. दोघांमधलं अंतर आयएफच्या दुप्पट. १०.७ ची दुप्पट २१.४, आणि आपला पट्टा ८८ ते १०८, म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंद. म्हणून कोणत्याही स्टेशनाची इमेज एफएमच्या पट्ट्याबाहेरच पडते. ९८.३ ची इमेज ११९.७ ला जाते, तिथे विमानांचा पट्टा आहे, गाण्यांचं स्टेशन नाही. १० च्या वर थोडं काहीही चाललं असतं, पण सगळ्यांनी मिळून १०.७ ठरवलं आणि फिल्टर त्याच आकड्याचे स्वस्त झाले.

७० किलोहर्ट्झला मात्र इमेज फक्त १४० किलोहर्ट्झवर, अगदी उंबऱ्यात. दोन स्टेशनं एवढी जवळ ठेवत नाहीत, म्हणून तिथे बहुधा काही नसतं. पण दुसरी अडचण मोठी: एफएमचा सिग्नल स्वतःच मधल्या जागेपासून दोन्हीकडे ७५ किलोहर्ट्झ हलतो, तो ७० च्या आयएफमध्ये मावणार कसा? म्हणून या आयसीत ऑसिलेटरच सिग्नलच्या मागे मागे हलवतात आणि ७५ चं हलणं १५ वर आणतात. बाजूला चुकून लागणाऱ्या जागांवर आवाज बंद करायला आत वेगळं सर्किट आहे. परीक्षेत या पद्धतीचं नाव, ‘फ्रीक्वेन्सी लॉक्ड लूप’, एवढंच लिहून थांबू नकोस, ७५ आणि १५ हे आकडे लिही.

जाता जाता, सुपरहेटरोडाइन, सुपर-रिजनरेशन आणि रुंद पट्ट्याचं एफएम, या तिन्हींमागे एडविन आर्मस्ट्राँग हा एकच माणूस आहे. एफएमची पेटंटं त्याला १९३३ मध्ये मिळाली. आपल्याकडे आकाशवाणीचं पहिलं एफएम १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं.

प्रश्न: ताई, आमचं गाव म्हसवडपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, मध्ये टेकडी. माणदेशी तरंग ९०.४ गच्चीवर लागतं, स्वयंपाकघरात नुसती खरखर. रेडिओ मुलाने बांधला आहे. एरियलची तार लांब केली तर लागेल का?
(गृहिणी, माण तालुका)

उत्तर: लांब नको ताई, उंच करा. कम्युनिटी रेडिओला साधारणपणे शंभर वॅटपर्यंतच ताकद आणि जमिनीपासून तीस मीटरपर्यंतच एरियल उभारायची परवानगी असते. एफएमच्या लाटा जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात. सपाट माळ असता तर तीस मीटरचा मनोरा आणि तुमची पाच मीटरची काठी यांना तीस किलोमीटरपर्यंत एकमेकांची नजर पोचली असती. तुमच्याकडे टेकडी आडवी येते आणि घराच्या भिंती उरलेलं खातात. गच्चीवर लागतं आहे, म्हणजे टेकडीवरून थोडा सिग्नल उतरतो आहे. तो तिथेच पकडून खाली आणायचा.

मुलाला हे करायला सांगा. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी ७९ सेंटिमीटर. ९०.४ साठी हेच माप. एका लाकडी पट्टीवर एका रेषेत बसवायच्या, मध्ये दोन सेंटिमीटर फट. डिश टीव्हीची जुनी केबल घ्यायची, ती ७५ ओहमची असते आणि या एरियलला तीच हवी. केबलची मधली तार एका नळीला, जाळी दुसऱ्या नळीला, स्क्रूने घट्ट. जोडावर एम-सील लावा, नाहीतर पहिल्याच पावसात केबलमध्ये पाणी उतरेल. खाली रेडिओत मधली तार २२० पीएफच्या कंडेन्सरमधून एरियलच्या जोडाला आणि जाळी ग्राउंडला. आधीची लोंबती तार काढून टाका.

पट्टी आधी आडवी धरून म्हसवडच्या दिशेशी काटकोनात ठेवून ऐका, मग उभी करून ऐका. ज्यात खरखर कमी, तसं पक्कं करा. जागाही हातभर इकडेतिकडे करून पाहा. टेकडीच्या आडोशाला हातभराने खूप फरक पडतो. आणि वळीव घोंगावू लागला की केबल रेडिओतून काढून घराबाहेर ठेवायची, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रश्न: याच भागांतून छोटा एफएम ट्रान्समीटर करून गल्लीपुरतं स्टेशन चालवलं तर?
(तीन पत्रं आली आहेत: इचलकरंजी, धुळे, फोंडा)

उत्तर: करू नका. रेडिओ ऐकायला आता परवाना लागत नाही, पण प्रक्षेपणाला लागतोच, आणि विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे. घरगुती ट्रान्समीटरची वारंवारता सरकत असते आणि १०८ च्या लगेच वर विमानांचा पट्टा सुरू होतो. ज्यांना स्वतःचा आवाज हवेत पाठवायचा आहे त्यांनी हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची परीक्षा द्यावी. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही ती देता येते.

प्रश्न: टीडीए ७००० चा रेडिओ छान चालतो. पण इअरफोन लावला तर आवाज एकाच कानात येतो. स्टिरिओ करता येईल का?
(बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर: या आयसीवर नाही. स्टेशन डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज १५ किलोहर्ट्झपर्यंत पाठवतं, १९ किलोहर्ट्झला एक पायलट सूर असतो आणि दोन्हींमधला फरक ३८ च्या आसपास चढवलेला असतो. टीडीए ७००० चा अरुंद फिल्टर तो वरचा भाग जाऊच देत नाही. एकाच कानाचा प्रश्न मात्र पाच मिनिटांचा आहे. तुमचा सॉकेट तीन टोकांचा स्टिरिओ आहे आणि वायर एकाच टोकाला लावली आहे. डावं आणि उजवं ही दोन्ही टोकं एकत्र जोडा आणि एलएम ३८६ च्या बाहेरच्या २२० मायक्रोफॅरडनंतर १०० ओहम मालिकेत टाकून तिथे न्या. तो १०० ओहम काढू नका. इअरफोन ३२ ओहमचे असतात, स्पीकरसाठी बांधलेला ॲम्प्लिफायर थेट जोडला तर आवाज कानाला सोसणार नाही.